मुरघासाचे दिवस

इंग्लंडमधील वृद्ध शेतकऱ्यांपाशी मुरघासाचा विषय काढावा, की करड्या रंगाचा तो लहानगा फर्ग्युसन ट्रॅक्टर हमखास निघतोच. 1946 ते 1956 या काळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. मागे लांब पोलादी दात्यांचा पंजा जोडून त्यावर ओले गवत ढिगापर्यंत आणीत, हातकाट्यांनी पसरीत आणि वरून पाण्यात कालवलेली मळी झारीने शिंपीत. हात, कपडे, चाके, सारे चिकट होऊन जाई!

परंतु श्रोतेहो, खरे काम पुढेच असे. गवत कुजू न देता मुरवावयाचे, तर त्यातील हवा दाबून काढली पाहिजे. त्यासाठी तोच ट्रॅक्टर ढिगावर चढवून तासन्‌तास मागेपुढे फिरवीत. काम दिसावयास सोपे, पण जिवावरचे. कडेला चाक घसरले, की ट्रॅक्टर उलटे आणि चालक त्याखाली सापडे. वर ना टप, ना सांगाडा. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना सुरक्षित केबिन सक्तीची झाली ती 1970 साली. तोवर ज्यांचा तोल सावरला, तेच आज या आठवणी सांगतात.