पाण्यावरून धावणारा बेडूक
(विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मालवण तालुक्यातील धामापूरचे तळे १५३० साली बांधले गेले आणि २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तळी-विहिरींवर आपली शेती व बागायत पोसली जाते, हे आपण जाणताच. त्याच पाण्यावर जगणाऱ्या एका लहानशा जीवाचा आज परिचय करून द्यावयाचा आहे.

विहिरीत कळशी सोडताच पाण्यावरून टप्पे घेत दूर पळणारा बेडूक आपण पाहिला असेल. त्याचे शास्त्रीय नाव यूफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस. श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. लांबी जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर. डोळे माथ्यावर असल्याने सारे अंग पाण्याखाली ठेवून तो निश्चल तरंगतो. मागील पायांची बोटे टोकांपर्यंत पडद्यांनी जोडलेली असतात. त्यांच्या बळावर तो न बुडता पाण्यावरूनच पुन्हा उसळी घेतो.

कित्येक बेडूक पावसाळा सरताच दिसेनासे होतात. हा मात्र पाणी असेल तेथे वर्षभर आढळतो. मादी संथ पाण्यात अंडी घालते. अंड्यांतून निघालेली शेपटीवाली पिल्ले शेवाळावर वाढतात. प्रौढ बेडूक कीटक खातो आणि स्वतः पाणदिवड व बगळे यांचे भक्ष्य होतो.

बेडूक त्वचेवाटेही श्वसन करतो. म्हणून पाण्यात मिसळलेले कीटकनाशक थेट त्याच्या शरीरात शिरते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गंबुशिया मासे बेडकांची अंडी व पिल्लेही खातात, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ मध्ये बंद केली. त्यामुळे शेतातील मोठ्या बेडकांना अभय मिळाले. आपला हा छोटा बेडूक दुर्मीळ नाही; पण तळे बुजले वा नासले, तर त्यास कोणताही निर्बंध वाचवू शकणार नाही.

तेव्हा फवारणीची भांडी तळ्यात धुवू नयेत, जुनी विहीर कचऱ्याने भरू नये आणि काठची झुडपे सरसकट तोडू नयेत, एवढे प्रत्येकाने घरी सांगावे. ज्या पाण्यात बेडकाची पिल्ले वाढू शकत नाहीत, ते पाणी आपल्याही उपयोगाचे राहिले आहे काय, याची चौकशी गावाने वेळीच करावी.