भिंत आणि विश्वास



आमच्या बीड शहरांत कारागृहाच्या भिंतीजवळून जातांना मोठीं माणसें मुलांना बोट दाखवून सांगतात, “नीट वाग, नाहीं तर आंत जाशील!” तुरुंगाविषयीं आपल्यांपैकीं बहुतेकांचें ज्ञान एवढ्यावरच संपतें. ती भिंत आंतल्या माणसाचें काय करते, हा प्रश्न आज मीं आपणांपुढें ठेवणार आहें.

आपली शिक्षापद्धति बव्हंशीं इंग्रजांकडून आली. म्हणून आरंभ तिकडूनच करूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत दोनशेंच्या आसपास अपराधांना देहान्ताची शिक्षा होती. खिसा कापणें हाहि त्यांतलाच एक. फांशी उघड्यावर दिली जाई, ती पाहण्यास हजारों लोक लोटत, आणि त्याच गर्दींत खिसेकापू आपला धंदा चालवीत! तुरुंगांची दशाहि तशीच. १७७७ सालीं जॉन हॉवर्ड यांनीं गांवोगांवचे तुरुंग स्वतः पाहून ग्रंथ लिहिला. निर्दोष सुटलेलीं माणसेंसुद्धां तुरुंगाधिकाऱ्याचें शुल्क भरतां येत नाहीं म्हणून आंतच खितपत पडत, हें त्यानें लोकांना कळलें. पुढें सॅम्युएल रोमिली यांच्या खटपटीनें १८०८ सालीं खिसेकापूंची फांशी रद्द झाली. १८६८ पासून फांशी भिंतीआड गेली. १९६४ सालीं शेवटची दिली गेली. आणि १९६५ सालीं खुनासाठीं देहान्ताची शिक्षा थांबली.

त्याच सत्तेनें १९१० च्या एप्रिलमध्यें अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तरुणांना ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर चढविलें. त्यानें देशांतील स्वातंत्र्याची ओढ कमी झाली काय? उत्तर आपण जाणतांच.

आतां याच महाराष्ट्रांतील दुसरें चित्र पाहा. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, भारतानंद हें नांव घेतलेल्या मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साह्यानें, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभारली. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तेथें बायकामुलांसह राहत व शेती करीत. भोंवतालीं तट नाहीं, पायांत बेडी नाहीं. संस्थान विलीन झालें, तरी वसाहत टिकली. आटपाडीच्याच परिसरांतले ग. दि. माडगूळकर यांनीं या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, हें आपणांस ठाऊक असेलच.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शिक्षकी पेशाच्या पहिल्या वर्षांत मीं एका मुलाला पुस्तक चोरल्याबद्दल सर्व वर्गादेखत छडीनें मारलें. वर्ग आठ दिवस चिडीचूप होता. मला तें यश वाटलें. तो मुलगा मात्र पुन्हां शाळेंत आला नाहीं. त्याच्या घरीं पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, हें मला फार उशिरां कळलें. छडी मारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा होता. तो मीं विचारला नाहीं. छडीची चूक पुढें निदान कबूल तरी करतां येते. फांसाची चूक कोणाजवळ कबूल करावयाची?

आपल्या देशांत देहान्ताची शिक्षा आजहि आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९४९ सालीं संविधान सभेंत ती मुळांतच रद्द करावी असें मत मांडलें होतें. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती विरळांतल्या विरळ प्रकरणापुरती मर्यादित केली. ज्याच्या घरचें माणूस मारलें गेलें, त्याला क्षमेचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्याचें दुःख आपलें मानूनहि हें विचारतां येईल कीं, शिक्षेनंतर गांवांत एक चांगला माणूस वाढला, कीं केवळ एक माणूस कमी झाला?

यापुढें मुलाला ती भिंत दाखवाल, तेव्हां स्वतंत्रपूरचीहि गोष्ट त्याला अवश्य सांगा.