वैमानिकांचं इंग्रजी

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. कझाकस्तानचं विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं. वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हेही त्यामागचं एक कारण मानलं गेलं.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या आखल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी लागते. नोकरीत इंग्रजी बोलताना कचरणाऱ्या प्रत्येकानं ही मोजपट्टी जरूर पाहावी. अगदी सहाव्या, सर्वोच्च पातळीवरही उच्चारात मातृभाषेची छटा चालते. समोरच्याला कळायला अडचण येऊ नये, इतकंच. आपलं मराठी वळण लपवण्यात किती हुशार मुलं आपली शक्ती घालवतात!

मला त्याहून मोलाची वाटते ती खात्री करून घेण्याची सवय. नियंत्रकानं सांगितलेली उंची वैमानिक पुन्हा म्हणून दाखवतो. चुकली तर नियंत्रक तिथंच दुरुस्त करतो. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्येही हे जमतं. ‘म्हणजे शुक्रवारपर्यंत अहवाल मी पाठवायचा, बरोबर?’ हे वाक्य इंग्रजीत घरीच मोठ्यानं म्हणून तयार ठेवा. बोलताना व्याकरणाची एखादी चूक झाली, तरी थांबू नका. चौथी पातळीसुद्धा अर्थ न बिघडवणाऱ्या चुका चालवून घेते.