आयातशुल्क आणि संकलन केंद्राची चिठ्ठी



दुग्धतंत्रज्ञान आणि पशुवैद्यकाचे पदवीधर म्हणून तुम्हाला आता जागोजागी विचारतील, परदेशी दुधाला दार उघडावं का? माझं उत्तर सरळ आहे: आज तरी नको. पण तेवढ्यावर भागणार नाही.

न्यूझीलंडचं बहुतेक दूध निर्यातीसाठीच निघतं. आपल्याकडे दोन-चार जनावरांवर घरं चालतात. तरीही जागतिक व्यापार करारात आपण दूध भुकटीवर शून्य शुल्क कबूल करून बसलो होतो. पुन्हा वाटाघाटी करून ते ६० टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा मिळवावी लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसेप या बहुदेशीय मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडलो, त्यामागेही दूध उत्पादकांची धास्ती होती. ती उगाच नव्हती. १९९०च्या दशकात जमैकाने दार उघडलं, अनुदानावर पोसलेली युरोपीय भुकटी आत आली आणि तिथल्या उत्पादकांवर ताजं दूध ओतून देण्याची वेळ आली.

युरोपची भुकटी आपल्याकडेही आली होती. १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लड या दूधवाढीच्या मोहिमेसाठी ती देणगी म्हणून मिळाली. मोहिमेचे शिल्पकार डॉ. वर्गीस कुरियन यांनी ती फुकट वाटू दिली नाही. तिचं दूध करून शहरांत इथल्या भावाने विकलं आणि आलेला पैसा सहकारी दूध संघ उभारण्यात घातला. जमैकात ज्या मालाने गोठे बसले, त्याच मालावर इथे संघ उभे राहिले. कारण भाव ठरवणारे हात आपले होते.

मात्र शुल्क लावलं की शेतकरी सुरक्षित, असं समजू नका. २०१८ साली बाहेरच्या भुकटीचा लोंढा आलेला नव्हता. तरी जगात भुकटीचे भाव पडले, निर्यात परवडेना, महाराष्ट्रातल्या प्रकल्पांत साठे पडून राहिले आणि अनेक ठिकाणी गाईच्या दुधाला लिटरमागे २० रुपयेही मिळेनात. जुलैत शेतकऱ्यांनी संकलन बंद पाडलं.

संकलन केंद्रावर मिळणारी चिठ्ठी एकदा नीट वाचा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीज घन घटक), दर. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागलं तर ठरलेला भाव. एसएनएफ पॉइंटभर उतरला की पैसे कापले. वैरण निकस असते, सडाला झालेली दगडी (कासदाह) उशिरा कळते, कधी यंत्राचीच तपासणी झालेली नसते. ही कपात कुठलंही आयातशुल्क भरून काढणार नाही. शुल्कामुळे आपल्याला फक्त सवड मिळते, आणि ती कारणी लावण्याचं शिक्षण तुम्ही घेतलं आहे.

उद्या तुमच्यातले काही डेअरीत दर ठरवायला बसतील, काही दिल्लीत धोरण लिहितील. शुल्क उतरवा म्हणणाऱ्या देशाला विचारा, तुमच्या अनुदानाचं काय? शुल्क ठेवा म्हणणाऱ्या डेअरीवाल्याला विचारा, या संरक्षणातला किती पैसा गोठ्यापर्यंत पोचला? आणि नोकरीवर रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात आपल्या हद्दीतली फॅटची यंत्रं तपासून घ्या.