खर्ज घडवणारे हात



हाताने घडवलेल्या बास गिटारवर बीडमध्ये बोलायचे, तर सुरुवात मी सप्ताहातल्या वीणेपासून करणार आहे. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताह ठाऊक नाही असा माणूस सापडणे अवघड. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. कीर्तनकार बदलतात, मृदंग थांबतो, पण तो सूर चालू राहतो. खालचा सूर सांभाळणाऱ्या वाद्याला इतका मान देणारा समाज बास गिटारचे मोल लवकर ओळखेल, असे मला वाटते.

1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला. तोवर खालचे सूर माणसाएवढ्या उंच डबल बासवर वाजत. फेंडरने ते काम गळ्यात अडकवता येईल अशा, पडदे बसवलेल्या वाद्यावर आणले. तारेची लांबी 34 इंच, तारा चार, आणि सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे 41 हर्ट्झ. दांडी खोडाला स्क्रूने जोडलेली, म्हणजे कारखान्यात झटपट बनणारी आणि बिघडली तर बदलता येणारी. ही रचना थोर आहे. पण काही वादकांच्या कानाला आणखी काही हवे होते.

त्यांच्यासाठी निराळे कारागीर पुढे आले. 1970 च्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात अलेम्बिकने वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून एकच दांडी खोडातून आरपार नेली. अँथनी जॅक्सन या वादकाला चारऐवजी सहा तारा हव्या होत्या. 1975 मध्ये कार्ल थॉम्प्सन यांनी त्याला तसे वाद्य करून दिले, पुढे ब्रुकलिनच्या फोडेरा कारखान्याने त्याच्यासाठी तारेची लांबी 36 इंच केली. कारण सरळ आहे. सहा तारांतली सर्वांत जाड, सुमारे 31 हर्ट्झची तार आखूड ठेवली तर तिला पुरेसा ताण देता येत नाही, ती सैल पडते आणि सूर गढूळ होतो. ती दोन इंचांची वाढ एका माणसाच्या कानाने मागितली होती.

हाच व्यवहार आपल्या मिरजेत दीड शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. त्यांपैकी फरीदसाहेबांचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. जवारीतले, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजवण्याच्या कामातले, ते स्वतः जाणकार. असा गवई शेजारी असल्यावर कारागिराला ढिलाई परवडत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशा पिढ्यांच्या कष्टाचे.

तंबोऱ्याचा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. तो वाळवतात, कापतात, त्यावर तबली बसवतात, तुणीच्या लाकडाची दांडी जोडतात. बास गिटारच्या दांडीत पोलादी सळई असते. हवा कोरडी पडून दांडी वाकली तर ती पिळून सरळ करता येते. तंबोऱ्यात तशी सोय नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो तडकला नाही, तर त्याचे श्रेय कारागिराने लाकूड किती मुरू दिले याला.

पण खरी कसोटी तारा टेकतात त्या घोडीची. तिचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमलतात. हे नेहमीच्या नियमात बसत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्येच दाखवून दिले. कारागीर कानसेने घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. यासाठी कोणतेही माप नाही. जॅको पास्टोरियस या वादकाने बास गिटारचे पडदे काढून तार थेट लाकडावर दाबली, तेव्हा त्याच्या वाद्यालाही असाच गाता आवाज आला. तारांनी लाकूड झिजते म्हणून त्याने त्यावर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. तार आणि पृष्ठभाग कुठे भेटतात, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

फरकही सांगितला पाहिजे. बास गाण्याबरोबर चालतो, तंबोरा एका जागी थांबतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झ, तो बासच्या तिसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यावर मिळतो. वाजवून पाहा. सूर तोच येईल, जवारी येणार नाही.

1979 मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आता तो फोनमध्ये आहे. रियाजाला त्याचा फार उपयोग झाला, विशेषतः ज्यांना वाद्य परवडत नाही त्यांना. माझी काळजी वेगळी आहे. ज्या मुलाने खरी जवारी कधी ऐकलीच नाही, तो कारागिराकडून ती मागणार कशी? आणि मागणी नसेल तर कारागिराचा मुलगा कानस हातात का धरेल? गिऱ्हाइकाचा कान गेला की कारागिराचा हात जातो.

म्हणून इथल्या संगीत विद्यालयांना, भजनी मंडळांना आणि सप्ताह समित्यांना माझी विनंती आहे. खुंट्या सैल, घोडीला चरे पडलेले असे तंबोरे आणि वीणा आपल्या मंदिरांत, घरांत पडून आहेत. अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये पावसाळा संपल्यावर चार दिवस जागा द्या, मिरजेहून जवारी काढणारे दोन कारागीर बोलवा, त्यांच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि मजुरीचा खर्च वर्गणीतून करा. ते काम करत असताना गिटार शिकणाऱ्या मुलांनाही तिथे बसवा. बासची घोडी थोडी वर-खाली केली की काय ऐकू येते आणि तंबोऱ्याची एक रेघ घासली की काय ऐकू येते, हे त्यांनी शेजारी शेजारी ऐकावे. याची पहिली वर्गणी मी आजच संयोजकांकडे देतो आहे.