तापातील आकडी : पहिली पाच मिनिटे

(सेनगाव येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. परंतु ज्या घरावर तो प्रसंग येतो, त्या घरास तो लहान वाटत नाही. आई सोयाबीनच्या रानात गेलेली असते. घरी आजी आणि दीड वर्षाचे लेकरू असते. सकाळपासून त्याचे अंग तापलेले असते. एकाएकी लेकराचे डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात. आजी हंबरडा फोडते, शेजारी धावतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा घालतो, तर कोणी तोंडात पाणी ओततो. साऱ्यांच्या मनात मायाच असते. परंतु साध्या आकडीने लेकराची जेवढी हानी होत नाही, तेवढी या उपायांनी होऊ शकते, हे मला आज सांगावयाचे आहे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभर मुलांपैकी साधारणपणे दोन ते पाच मुलांना ही आकडी केव्हा ना केव्हा येते. या वयात मेंदूची वाढ पुरी झालेली नसते; ताप चढत असताना तो क्षणभर तोल गमावतो. काही कुटुंबांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते. पुष्कळदा ताप आला हे कळण्यापूर्वीच आकडी येते; म्हणून आईने हयगय केली, असा दोष तिला देणे अन्यायाचे आहे. बाहेरची बाधा किंवा कोणाची दृष्ट यांचाही येथे काही संबंध नाही.

बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. साध्या आकडीने मुलाच्या बुद्धीवर परिणाम होत नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येऊ शकते. परंतु बहुसंख्य मुलांना पुढे अपस्माराचा विकार जडत नाही. अशा मुलावर, विशेषतः मुलीवर, ‘फेफऱ्याची’ असा शिक्का मारणाऱ्यांना आपण रोखले पाहिजे.

मग त्या क्षणी करावे काय? प्रथम घड्याळ पाहावे. लेकराला सपाट जागी कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल व श्वासाचा मार्ग मोकळा राहील. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. चूल, पाण्याचे भांडे, बाजेची कड यांपासून त्यास दूर ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नये. आकडीत जीभ गिळली जाते, ही समजूत चुकीची आहे. बिब्ब्याचे किंवा तापल्या सळईचे डाग देणे हा तर लेकरावर अत्याचारच होय. आकडी थांबल्यावर मूल काही वेळ गुंगीत राहते. ते पुरते शुद्धीवर येईपर्यंत त्यास दूधसुद्धा पाजू नये.

पाच मिनिटे झाली आणि आकडी थांबली नाही, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच दिवसात दुसरी आकडी आली, झटके शरीराच्या एकाच बाजूस आले, मूल शुद्धीवर येईना, मान ताठरली, अंगावर लाल-जांभळे डाग उठले, श्वासास त्रास होऊ लागला किंवा मूल सहा महिन्यांहून लहान असले, तर विलंब करू नये. मेंदूज्वर किंवा मेंदूवर गेलेला हिवताप अशाच रूपाने प्रकट होऊ शकतो. पहिली आकडी लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; कारण तापाचे मूळ शोधणे हेच खरे काम आहे.

तापात पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. त्याने मुलाला आराम पडतो. आकडी मात्र टळेलच असे नाही. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये, तसेच गोधडीत गुंडाळूनही ठेवू नये. साध्या आकडीसाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे देण्याची सहसा गरज नसते.

आणखी एक गोष्ट. लसीनंतर येणाऱ्या तापात क्वचित आकडी येते, म्हणून काही पालक पुढची लस टाळतात. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. गोवर स्वतःच मेंदूस इजा करू शकतो. पूर्वी आकडी आल्याचे परिचारिकेस सांगावे. लस मात्र चुकवू नये.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण आपल्याजवळ आले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही गोरेगाव असो, साखरा असो वा पानकनेरगाव, पहिली पाच मिनिटे गावाचीच असतात. म्हणून माझी विनंती अशी : सरपंचांनी रात्री-अपरात्री निघू शकेल असे एखादे वाहन गावात ठरवून ठेवावे व त्याच्या चालकाचा क्रमांक चावडीवर लिहावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना कुशीवर निजवण्याची रीत दाखवावी. धाकटी भावंडे पुष्कळदा त्यांच्याच हाती असतात. अंगणवाडी सेविकांनी केवळ मातांना नव्हे, आज्यांनाही बोलवावे. कारण त्या वेळी घरात बहुधा आजीच असते.

घड्याळ पाहणे, कुशीवर निजवणे आणि तोंडात काही न घालणे, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या आजीला आधी माहीत असल्या, तर ती हंबरडा फोडणार नाही. लेकराजवळ शांत बसून राहील. तेवढे आपण करू या.