विज्ञानकथेतील अवयव प्रत्यारोपण : कल्पित आणि वास्तव



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला निमंत्रित केलेत आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिलेत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने शस्त्रक्रियेवर बोलणे हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटेल. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागते ते पीएच.डी.मुळे, नाडीपरीक्षेशी त्याचा संबंध नाही. तेव्हा शस्त्रक्रिया कशी करावी हे मी सांगणार नाही. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा ती कशी सांगते, त्यात खरे किती आणि त्या सांगण्यातून प्रेक्षकाच्या मनात काय रुजते, एवढेच मला तपासावयाचे आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'प्रत्यारोपण' या शब्दात 'आरोपण', म्हणजे लावणे, रोवणे आहे. मराठी मनाला ही कल्पना परकी नाही. आंब्याचे कलम बांधणे, गुलाबाचा डोळा भरणे ही कामे आपल्याकडे माळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडावर जगते हे पाहिलेल्या माणसाला एकाचे हृदय दुसऱ्यात जगेल, हे सहज पटते. मात्र उपमा येथेच फसवी ठरते. आपल्या शरीरात एक जागरूक पहारेकरी आहे. परक्या पेशी ओळखून त्यांचा नाश करणे हे त्याचे काम. आलेला अवयव जीव वाचवावयास आला आहे, हे त्याला कळत नाही.

हा पहारेकरी पडद्यावरच्या कथेत बहुधा दिसतच नाही. त्यासाठी १९६८ हे एकच वर्ष पाहू.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरात त्यांनी दुसरा प्रयत्न केला. त्याचाही शेवट तसाच झाला. त्या वर्षी जगभर सुमारे शंभर हृदये बदलली गेली आणि बहुसंख्य रुग्ण अल्पकाळात दगावले. शिवण्याचे कौशल्य शल्यविशारदांच्या हाती आले होते. पहारेकऱ्याला आवरण्याचा खात्रीचा उपाय मात्र हाती आला नव्हता. पुढे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरीन हे औषध निघाले, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि मगच हे शास्त्र स्थिरावले. आपल्या देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने ३ ऑगस्ट १९९४ रोजी केले. परळ ते दिल्ली हे अंतर कापावयास वैद्यकाला सव्वीस वर्षे लागली.

याच १९६८ च्या २० सप्टेंबरला अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेचा 'स्पॉक्स ब्रेन' हा भाग प्रक्षेपित झाला. पुढे ही मालिका आपल्या दूरदर्शननेही दाखविली, तेव्हा सभागृहातील अनेकांना लांब कानांचा स्पॉक आठवत असेल. या भागात त्याचा मेंदूच चोरीस जातो. मेंदूविना शरीर चोवीस तास टिकेल असे यानावरचे डॉक्टर मॅकॉय सांगतात. ते शरीर दूरनियंत्रकाने चालविले जाते. अखेरीस मेंदू सापडतो. एका यंत्राचे शिरस्त्राण डोक्यावर ठेवताच मॅकॉय यांना अलौकिक ज्ञान प्राप्त होते. ते मध्येच ओसरू लागते, तेव्हा वाणीचे केंद्र जोडून झालेला स्पॉक स्वतःच पुढच्या सूचना देतो.

वैद्यकाच्या कसोटीवर यातले काय टिकते? रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांत मेंदूची अपरिमित हानी होते. मज्जारज्जू एकदा तुटला की तो पूर्ववत जोडण्याची विद्या आजही अवगत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला स्तंभ श्वास चालवितो. तो नसेल तर शरीर आपण होऊन श्वास घेणार नाही, मग चालणे दूरच. पण याहून मोठा प्रमाद तर्काचा आहे. हृदय बदलले तरी माणूस तोच राहतो. मेंदू बदलला तर ज्याला आपण 'घेणारा' म्हणतो तोच निघून जातो. ते खरे पाहता मेंदूचे प्रत्यारोपण नव्हे, मेंदूला मिळालेले नवे शरीर होय.

योगायोग असा, की हा भाग दिसण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट १९६८ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले होते. मेंदूचे कार्य कायमचे थांबले की कृत्रिम श्वासावर हृदय धडधडत असले तरी माणूस गेला, हा त्यांचा आशय. आपल्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. तो ठरविताना चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. या दृष्टीने पाहिले तर मेंदू गेलेला स्पॉक कायद्याने मृतच ठरेल.

मालिका करमणुकीची आहे, तिला एवढे धारेवर का धरावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे उत्तर असे, की अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या कुटुंबाला हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. छाती वरखाली होते आहे, हाताला ऊब आहे आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला. बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू यांतील भेद ज्या प्रेक्षकाला कथांनी कधी सांगितला नाही, तो त्या घटकेला चमत्काराची वाट पाहील, तर त्याला दोष कसा द्यावा? आपल्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दर दहा लाखांमागे एकही भरत नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत. मनात रुजलेली चुकीची गोष्ट त्यांपैकी एक असावी, असे मला वाटते.

सर्वच कथा सारख्या नाहीत. त्याच परंपरेतील 'व्हॉयेजर' मालिकेचा 'फेज' हा भाग ६ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रक्षेपित झाला. विडियन नावाची जमात एका व्याधीने झिजत चाललेली आहे. जगण्यासाठी ती इतरांचे अवयव चोरते. यानावरील नीलिक्सची दोन्ही फुफ्फुसे अशीच जातात. डॉक्टर त्याला प्रकाशाची आभासी फुफ्फुसे देतात, पण त्यासाठी त्याने जागचे हलता कामा नये. हे अद्भुत असले तरी कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णाची असहायता त्यात नेमकी उतरली आहे. चोर सापडतो, तेव्हा फुफ्फुसे त्याच्या साथीदाराच्या शरीरात बसविलेली असतात. ती परत घ्यावीत तर तो मरणार. कप्तान जेनवे त्याला मारण्याचे नाकारते. शेवटी नीलिक्सची प्रिय सखी आपले एक फुफ्फुस देऊ करते आणि विडियनांचे शास्त्र ते जुळवून देते.

येथेही सूट घेतलेली आहे. जिवंत दात्याकडून सबंध फुफ्फुस घेण्याची रीत वैद्यकात नाही. फार तर एक खंड घेतात. दोन भिन्न प्रजातींतील देवाणघेवाण तर याहून अवघड. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत मेरिलँड येथे जनुकांत दहा बदल केलेल्या डुकराचे हृदय माणसाला बसविले गेले, तेव्हा रुग्ण सुमारे दोन महिनेच जगला. तरीही या कथेने दोन सत्ये राखली : अवयव आपोआप जुळत नाही, आणि तो कोणाचा तरी असतो.

हा भाग दिसला त्याच्या दोनच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १९९५ रोजी, आपला कायदा महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत अमलात आला. ऐंशीच्या दशकात आपल्या महानगरांत पैशाच्या मोबदल्यात गरिबांची मूत्रपिंडे घेतली जात होती. त्या व्यवहाराला कायद्याने गुन्हा ठरविले. आकाशगंगेच्या दूरच्या भागातील अवयवचोर म्हणून लेखकाने जे कल्पिले, ते आपल्या शहरांत नोटा मोजून चालले होते.

आता घराजवळ येऊ. जानेवारी २०२५ मध्ये जबलपूरहून एक हृदय हवाई रुग्णवाहिकेने भोपाळला आले आणि येथील एम्समध्ये बसविले गेले. आपल्या शाहपुऱ्यातही मूत्रपिंडाची प्रत्यारोपणे होतात. काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासच तग धरते, म्हणून रस्ते मोकळे करून हरित मार्ग आखला जातो. पडद्याला ही धावपळ आवडते, कारण ती दिसते. न दिसणाऱ्या गोष्टी दोन. एक, ज्या घरातून तो अवयव निघाला ते घर. दुसरी, ज्याला तो मिळाला त्याची पुढची वर्षे : रोजच्या वेळेवरच्या गोळ्या, जंतुसंसर्गाची धास्ती, वारंवार तपासण्या. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. पहारेकऱ्याची समजूत जन्मभर घालावी लागते.

डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेस पाठविली आणि पुढे आपल्या लेखनाने मराठी विज्ञानकथेला विज्ञानाशी इमान राखण्याची शिस्त दिली. त्या शिस्तीचा अर्थ मी असा करतो : कल्पनेने हवे तेवढे उंच उडावे, परंतु ज्या तथ्यावर माणसाच्या जीवनमरणाचा निर्णय अवलंबून आहे, ते तथ्य तिने चुकवू नये. परग्रहावरच्या माणसाला दोन हृदये द्या, माझी हरकत नाही. त्यांतले एक काढून दुसऱ्याला दिलेत, तर देणाऱ्याचे नाव घ्या आणि घेणाऱ्याच्या गोळ्या विसरू नका.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. उद्या मालिका लिहिणारेही निघतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. आणि आपणा सर्वांना दुसरी : मृत्यूनंतर आपल्या अवयवांचे काय व्हावे, हे आज रात्री जेवताना घरच्यांना सांगून ठेवा. कारण ऐन वेळी संमती त्यांनाच द्यावी लागते, आणि त्या वेळी आपण सांगावयास असणार नाही.